नदीकाठच्या टाउनशिपमध्ये गाळा घ्यायचाय? आधी पाण्याची रेघ बघा, मग गिऱ्हाईकाची वाट



दुकानाची जागा कशी निवडावी, या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "सर, पुण्यात नदीकाठी मोठी टाउनशिप होतेय. वर फ्लॅट, मध्ये ऑफिसं, खाली दुकानं. गाळा बुक करू का?" कुणाचे निवृत्तीचे पैसे आलेत, कुणी गावाकडची अर्धा एकर विकली आहे, कुणाला भाऊ म्हणतोय की दोघांत मिळून घेऊ. म्हणजे इथे चार-पाच लाखांचा विषय नाही, आयुष्यभराच्या कमाईचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नदीकाठी धंदा जरूर करा, पण पहिल्या दिवशी गाळा विकत घेऊ नका. का, ते खाली हिशेबासकट आहे.

मिक्स्ड-यूज म्हणजे नवीन काही नाही

ब्रोशरमध्ये हा शब्द मोठ्या अक्षरात असतो, त्यामुळे काहीतरी परदेशी प्रकार वाटतो. लक्ष्मी रस्त्यावर किंवा तुळशीबागेच्या आसपास जाऊन बघा. खाली दुकान, माडीवर बिऱ्हाड, मागच्या चौकात गोदाम. पेठांमध्ये हे दीडदोनशे वर्षं चालूच आहे. मधल्या काळात शहर नियोजनात राहायची जागा वेगळी, धंद्याची वेगळी, कारखान्याची वेगळी अशी विभागणी झाली आणि आपण दूध आणायलासुद्धा गाडी काढायला लागलो. आता बिल्डर तीच जुनी मिसळ पुन्हा एका कुंपणात आणून विकतोय.

धंदेवाल्याच्या दृष्टीने या मिसळीत एकच गोष्ट कामाची आहे. गिऱ्हाईक दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना मिळतं. नुसत्या आयटी पार्कसमोर टपरी असेल तर दुपारी एक ते अडीच मरणाची गर्दी आणि शनिवार-रविवार शुकशुकाट. नुसत्या सोसायटीखाली असेल तर सकाळ-संध्याकाळ धंदा आणि दुपारभर माशा मारायच्या. दोन्ही एकत्र असतील तर भाडं दिवसभरावर वाटलं जातं. २०२० मध्ये ऑफिसं बंद पडली तेव्हा निव्वळ ऑफिसच्या जेवणावर चालणाऱ्यांचं काय झालं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्यांच्या डोक्यावर राहणारी माणसं होती, ते पार्सलवर का होईना, तगले.

मगरपट्टा आणि नांदेड सिटी: पैसा कुणाला सुटला?

पुण्यात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा करून दाखवला तो हडपसरच्या मगरपट्ट्याने. ही गोष्ट प्रत्येक छोट्या उद्योजकाला माहीत असायला पाहिजे. सुमारे १२० शेतकरी कुटुंबं आणि सुमारे ४०० एकर जमीन. शहर अंगावर चालून येत होतं. एकेकाने जमीन विकली असती तर बिल्डरने तुकडे-तुकडे करून घेतली असती आणि पैसा गाडी-बंगल्यात संपला असता, जसा कितीतरी गावांत संपलाय. सतीश मगर यांच्या पुढाकाराने या लोकांनी जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. घरं झाली, सायबरसिटी झाली, शाळा, हॉस्पिटल, मॉल झाले.

पुढे याच पद्धतीने सिंहगड रस्त्यावर, मुठेच्या काठाला, नांदेड सिटी उभी राहिली. (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हवेली तालुक्यातलं नांदेड गाव.) साधारण ७०० एकर. तिथेही गावचे शेतकरी भागीदार.

माझ्या मते खरी शिकवण पुढे आहे. जमीनवाल्यांना फक्त शेअर मिळाले असं नाही. माती उचलणं, वाहतूक, बांधकामाचं साहित्य, बागकाम अशी कामं घेऊन त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः ठेकेदार, पुरवठादार झाले. म्हणजे टाउनशिप उभी राहत असतानाच धंदा सुरू झाला. आपण काय करतो? टाउनशिप पूर्ण व्हायची वाट बघतो आणि मग सगळ्यात महाग दराने गाळा घेऊन आत शिरतो.

जमीन नसली तरी या रांगेत पुढे उभं राहता येतं. साइटवरच्या कामगारांचं जेवण, सेल्स ऑफिसचं चहा-पाणी, पहिल्या पझेशनवाल्यांची जाळी-ग्रिलची, पडद्यांची, मॉड्युलर किचनची कामं, हा सगळा धंदा गाळ्याशिवाय होतो. दोन वर्षं हे काम केलेल्या माणसाला कुठल्या बिल्डिंगमध्ये कोण राहायला आलंय, कुठलं गेट जास्त चालतं, सोसायटीचा मॅनेजर कसा आहे, हे सगळं पाठ असतं. गाळ्याचा निर्णय त्याने घ्यावा. ब्रोशर बघून आलेल्याने घाई करू नये.

आता नदी

नदीमुळे दर वाढतो, हे खरं. पण हे लक्षात घ्या की दृश्य वरच्या मजल्याला मिळतं आणि पाणी खालच्या मजल्याला. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅटवाला ज्या नदीचे जास्तीचे पैसे देतो, तीच नदी तळमजल्यावरच्या दुकानदाराची जोखीम असते. आणि दुकानं तळमजल्यालाच असतात.

पुणेकरांना हे कुणी शिकवायला नको. १२ जुलै १९६१, पानशेत. पण धरण फुटायचीच गरज नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या भागात पहाटे घराघरांत पाणी शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं. मुठेवर वर टेमघर, पानशेत, वरसगाव, खडकवासला अशी धरणांची साखळी आहे. वर पाऊस झाला की विसर्ग वाढतो, मग तुमच्या दुकानावर ऊन पडलेलं असलं तरी. चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी जुलै २०२१ मध्ये एका दिवसात अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेलेली बघितली. माल, फर्निचर, वह्या, सगळं.

म्हणून आपल्याकडे दोन रेषा असतात. जलसंपदा विभाग त्या आखतो. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे बाग, मैदान, शेती असा मोकळा वापर चालतो, पक्कं बांधकाम नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे अटींवर बांधकाम होतं, आणि मुख्य अट म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर तरी वर हवं.

आता इथे बहुतेकांची गफलत होते. "पंचवीस वर्षांतून एकदा" म्हणजे आत्ता येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत, असं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. दरवर्षी नव्याने. १५ वर्षांचं कर्ज घेतलंत तर त्या काळात एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता जवळपास ४६ टक्के होते. नाणं उडवण्याइतकी. लाल रेषेचा पूर दरवर्षी एक टक्का, पण ३० वर्षांचा विचार केला तर २६ टक्के. आणि हे सगळं जुन्या पावसाच्या नोंदींवर. अलीकडे पाऊस कसा पडतोय, हे तुम्ही बघताच आहात.

मग गाळा घेऊच नये का? तसं नाही. लाल रेषेच्या बाहेरचा, उंच जोत्याचा गाळा असेल तर पाण्याची चिंता बरीच कमी होते. फक्त रेषा स्वतः तपासा. सेल्स ऑफिसातल्या मॉडेलवर नदी निळ्या काचेची असते, त्यावर रेषा नसतात. महापालिकेतून झोन दाखला काढा, विकास आराखड्याच्या नकाशावर पूररेषा कुठून जाते ते बघा, आणि आर्किटेक्टकडून लेखी विचारा की आमच्या गाळ्याच्या जोत्याची पातळी किती आणि लाल रेषेची पातळी किती. दोन आकडे. एवढं सांगायला कुणी टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळालंच. आणखी एक, पार्किंग तळघरात असेल तर विजेचं पॅनेल आणि पंप कुठे आहेत ते बघा. दुकानात पाणी नाही आलं, पण तळघरात आलं, तर आठवडाभर लाइट नाही. आइस्क्रीमवाल्याने काय करायचं?

पूर वर्षातून एखाददा, पण वास आणि डास वर्षभर. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडी भागात नदीवर कीटकांचे थवे खांबासारखे उभे असलेले व्हिडिओ सगळीकडे फिरले होते. जलपर्णी आणि न शुद्ध होता सोडलेलं सांडपाणी, ही त्याची मुळं. नोव्हेंबर ते मे पाणी कमी असतं तेव्हा काठावर बसून कुणी भेळ खाईल का, हे बघायला ब्रोशर उपयोगाचं नाही, तुमचं नाक उपयोगाचं आहे. एप्रिलमध्ये संध्याकाळी सात वाजता तिथे अर्धा तास उभे राहा. जमलं तर पुढे जा.

महापालिकेचा काठसुधार झाला की भाव वाढेल ना?

हा प्रश्न येणारच. पुणे महापालिकेचा मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्प सुमारे ४४ किलोमीटरचा आहे, खर्चाचा अंदाज सुमारे ४,७०० कोटींचा. बंडगार्डन भागात काम दिसायला लागलंय. झाडं, पूरवहन क्षमता यावरून वाद आणि कोर्टकचेरीही झाली. मैलापाणी शुद्ध करण्याचं काम वेगळ्या, जपानी कर्जाच्या प्रकल्पातून चाललंय. बरोबर-चूक हा इथे विषय नाही. आपल्याला हे बघायचंय की असा काठ धंद्याला किती वेळात फळतो.

त्यासाठी अहमदाबाद बघा, कारण पुण्याचा आराखडा करणारी संस्थाही तिथलीच, साबरमतीचा काठ आखणारी. साबरमतीसाठी महापालिकेने वेगळी कंपनी काढली १९९७ मध्ये. फिरायचा रस्ता लोकांना खुला झाला २०१२ मध्ये. मध्ये पंधरा वर्षं गेली! दोन्ही काठांना मिळून २०० हेक्टरच्या आसपास जमीन तयार झाली, त्यातली साधारण १४ टक्के विकून खर्च काढायचा, बाकी बागा, रस्ते, मैदानं, अशी कल्पना होती. लोक फिरायला भरपूर यायला लागले, पण विक्रीच्या जमिनीवरचे टॉवर यायला त्यानंतरही बराच वेळ गेला. शिवाय साबरमतीत दिसणारं पाणी नर्मदा कालव्यातून आणलेलं आहे. तो पाण्याचा आरसा आपल्याकडे एप्रिलमध्ये दिसेल असं धरून हिशेब करू नका.

ज्या शहराने हे सगळ्यात जोरात केलं, तिथे पंधरा वर्षं लागली. तुमच्या कर्जाचा हप्ता पंधरा दिवससुद्धा थांबत नाही.

अहमदाबादमधली मला सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे नदीपात्रात दर रविवारी जुना बाजार भरायचा, गुजरी म्हणतात त्याला. सहाशे वर्षांची परंपरा सांगतात. प्रकल्पात तो उठणार अशी भीती होती. विक्रेत्यांनी संघटित होऊन भांडून जागा मिळवली आणि २०१४ मध्ये काठावरच त्यांच्यासाठी बांधीव बाजार सुरू झाला. पथारीवाला, जुनी पुस्तकंवाला, भांडीवाला, सगळे नव्या काठावर आहेत, ओटे आणि झाडांच्या सावलीसकट.

आपल्या नाशकातही बघा. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. पाणी वाढलं की लोक दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, की काठावरचा व्यापारी टपरी उचलून वर नेतो. वर्षानुवर्षं हा धंदा चाललाय, कारण तो उचलता येतो. नदीकाठचा शहाणा व्यापार पूर्वीपासून हलता आहे. पथारी, हातगाडी, मंडप, बाजाराचा वार. त्या मानाने आपण काय करायला निघालोय? काठावर आठ लाखांचं फर्निचर ठोकून बसायचं, तेही पंधरा वर्षांच्या कर्जावर.

आता आकडे. वही घ्या.

समजा गाळा २५० चौरस फूट कार्पेटचा, किंमत ६० लाख. (आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे टाकून बघा.)

विकत घेतला तर बँक ७० टक्के देईल, म्हणजे ४२ लाख. तुमचे १८ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरा, ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. आतलं काम ८ लाख. म्हणजे पहिल्या दिवशी खिशातून साडेतीस लाख गेले. १० टक्के व्याज, १५ वर्षं, हप्ता साधारण ४५ हजार. बांधकाम चालू असताना घेतला तर जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर जीएसटी लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

तोच गाळा भाड्याने ३० हजारांना मिळाला असं धरा. सहा महिन्यांचं डिपॉझिट १ लाख ८० हजार, आतलं काम तेच ८ लाख. एकूण ९ लाख ८० हजार. फरक जवळपास २० लाख ७० हजार. हा पैसा तुमचं खेळतं भांडवल आहे. मालाला, पगाराला, आणि पहिल्या दीड वर्षाच्या मंदीला.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर ३० हजारांचे ३५,४०० होतात. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल किंवा ५ टक्केवालं रेस्टॉरंट चालवत असाल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्चच. मालकाची जीएसटी नोंदणी आहे का, कर कोणी भरायचा, हे करार करण्याआधी सीएला विचारा. मेंटेनन्स १५ रुपये फुटाने ३,७५०. झाले ३९,१५०.

खाण्याच्या धंद्यात जागेचा खर्च विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असं मी नेहमी सांगतो. फार तर बारा. म्हणजे महिन्याला ३ लाख ९० हजारांची विक्री पाहिजे, रोजची १३ हजार. सरासरी बिल १३० रुपयांचं असेल तर रोज १०० गिऱ्हाईकं.

आता शंभर गिऱ्हाईकं येणार कुठून? दहा कुटुंबांमागे एक कुटुंब रोज तुमच्याकडे आलं, तरी ते फार चांगलं. म्हणजे १,००० कुटुंबं प्रत्यक्ष राहायला आलेली पाहिजेत. विकली गेलेली नाही, राहायला आलेली! गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट रिकामे असतात. सेल्सवाला म्हणेल "हजार फ्लॅट सोल्ड आउट". तुम्ही रात्री साडेआठला जा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. त्याहून सोपं, पहाटे दूधवाल्याला गाठा. किती घरांत पिशवी टाकतो, हे त्याला तोंडपाठ असतं. तीनशे म्हणाला तर तुमच्याकडे तीस गिऱ्हाईकं. हप्ता असो की भाडं, तिसापासून शंभरापर्यंत पोचायचा काळ ज्याच्या खिशात आहे, तोच टिकतो. बहुतेक दुकानं धंदा वाईट म्हणून बंद पडत नाहीत. वस्ती भरायच्या आधी पैसा संपतो म्हणून पडतात, आणि मग दुसरा माणूस येऊन तयार फर्निचरवर धंदा करतो. तो दुसरा माणूस व्हायचं असेल तर थोडी वाट बघायला शिका.

कुठल्या तोंडाचा गाळा

नदीकडे तोंड असलेला गाळा सगळ्यात महाग असतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो. तिथे येणारं गिऱ्हाईक फिरायला आलेलं असतं. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी सहा ते नऊ, आणि पावसाचे चार महिने जवळजवळ नाही. चहा, ज्यूस, आइस्क्रीम, कॉर्न, सायकल भाड्याने, हे तिथे चालतं. यातलं जवळजवळ सगळं गाडीवर किंवा किऑस्कमध्ये होतं, गाळा लागतच नाही. टाउनशिपच्या मॅनेजमेंटकडे किऑस्कची जागा महिन्याच्या भाड्याने मागा. बऱ्याच ठिकाणी देतात, कारण त्यांनाही काठ जिवंत दिसायला हवा असतो.

किराणा, मेडिकल, लाँड्री, स्टेशनरी, डेअरी यांना नदीचा काडीचाही उपयोग नाही. त्यांना पाहिजे मुख्य गेट, आणि तेसुद्धा ऑफिसातून घरी येणाऱ्याच्या डाव्या हाताला. सकाळी जाताना माणूस घाईत असतो, थांबत नाही. संध्याकाळी येताना थांबतो, पण रस्ता ओलांडून, यू-टर्न मारून नाही थांबत. मी तर म्हणेन, नदीवरच्या गाळ्याच्या तीन चतुर्थांश पैशात गेटचा डावा गाळा मिळत असेल तर नदीकडे बघूसुद्धा नका. कापड, भांडी, खेळणीवाल्यांनी आणखी एक विचार करा. टाउनशिप वाढली की आतच किंवा शेजारी मॉल येतो. हडपसरला मगरपट्ट्यात सीझन्स आणि रस्त्यापलीकडे अमनोरा, दोन मॉल समोरासमोर आहेत.

कागद

महारेरावर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. जाहिरातीवर आता क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी पान उघडतं. मोठ्या टाउनशिपमध्ये प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असते. तुमचा गाळा पहिल्या टप्प्यात आणि ज्या ऑफिस टॉवरच्या भरवशावर तो घेताय तो चौथ्या टप्प्यात, असं तर नाही ना, ते बघा. मंजूर नकाशात टॉवर दाखवलाय की नुसता ब्रोशरमध्ये रंगवलाय? चौथ्या टप्प्याची नोंदणीच झालेली नसेल तर तो टॉवर आज तुमच्या हिशेबात शून्य धरा. नोंदणीकृत करार न करता किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, आणि विक्री कार्पेट एरियावरच, हे कायद्यात आहे. "सुपर बिल्टअप"चा दर सांगणाऱ्याला नम्रपणे कार्पेटचा विचारा.

भाड्याने घेताना लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी करायचीच. त्यात तीन गोष्टी मागा. फर्निचर होईपर्यंत भाडेमाफी, निदान दीड-दोन महिने. लॉक-इन तुमच्यावर सहा महिन्यांचा आणि मालकावर तीन वर्षांचा, उलटा नाही. आणि पूर किंवा मैलापाणी यामुळे दुकान बंद राहिलं तर त्या दिवसांचं भाडं नाही, असं एक कलम. मालक हसेल, पण नवीन टाउनशिपमध्ये गाळे रिकामे असतात, तेव्हा तो बहुतेक सही करतो. वस्ती भरल्यावर करणार नाही.

राहिला विमा. एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असणाऱ्यांना चालते, कुठल्याही जनरल इन्शुरन्स कंपनीकडे मागा. आग, वादळ आणि पूर त्यात येतात. दुकानाबरोबर माल आणि फर्निचरसुद्धा लिहून घ्या. भाड्याच्या दुकानात मालकाचा विमा फक्त भिंतींचा असतो, तुमच्या फ्रीजचा नाही. बंद काळातला बुडालेला नफा मात्र यात आपोआप येत नाही. दर महिन्याला दुकानातल्या मालाचे चार फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा, खरेदीची बिलं मेलवर ठेवा. चिपळूणसारखं झालं तर वह्याच भिजतात, मग सर्व्हेअरला दाखवणार काय? इन्व्हर्टरची बॅटरी, यूपीएस, डीप फ्रीझर जमिनीवर ठेवू नका, दीड-दोन फुटांचा ओटा करून घ्या. सुताराला हजार-दोन हजार जास्त जातील.

ज्यांनी आधीच गाळा बुक केलाय त्यांनी जोत्याची आणि लाल रेषेची पातळी मागवून खाली लिहा, कुठली टाउनशिप ते लिहिलं नाही तरी चालेल. लीव्ह अँड लायसन्सच्या कलमांवर पुढचा व्हिडिओ येतोय, त्यात करारातलं एकेक वाक्य घेऊन बोलू.